तहान किती लागते?

मला बघायला आलेल्या मुलानं पोह्यांची बशी हातात घेतली, चमच्यानं कांदा एका कडेला सारला आणि विचारलं, “तुम्हाला तहान किती लागते?”

त्याच्याआधी दोघं येऊन गेले होते. एकानं गाता येतं का विचारलं होतं, दुसऱ्यानं पगार. तहानेची चौकशी कुणी केली नव्हती. मी म्हणाले, “लागते की.” तर म्हणे, “एका दमात तांब्याभर पिता, की घोट घोट, सारखं?” मग उन्हात डोकं दुखतं का, खारट आवडतं की गोड, विजा कडाडल्या की भीती वाटते का, आणि शेवटी, माझ्या वडिलांच्या देखत, कोणत्या कुशीवर झोपता? आतल्या खोलीत काकूच्या हातून काहीतरी खणकन पडलं. मध्यस्थ घाईघाईनं म्हणाले, “डॉक्टर आहेत ना, सवय.”

ही १९९७ सालची, सांगलीतली गोष्ट. स्थळ सांगताना मध्यस्थ ‘मुलगा डॉक्टर आहे, मिरजेत’ एवढंच बोलले होते. वडिलांनी “एमबीबीएस?” असं विचारल्यावर त्यांनी खाली बघत सांगितलं, “त्याच्यासारखंच.” पुढं कळलं की बारावीला मुलाचं एमबीबीएस दोन मार्कांनी हुकलं होतं. (मी आजवर जेवढ्या होमिओपॅथांना भेटले, त्या सगळ्यांचं दोन मार्कांनीच हुकलेलं आहे. तीन मार्कांनी हुकलेले कुठं जातात, देव जाणे.) एमबीबीएस नाही तर डेंटल, डेंटल नाही तर आयुर्वेद, तिथंही नंबर लागला नाही तर होमिओपॅथी, अशी ती उतरंड. तिच्या तळाच्या मडक्यात साडेपाच वर्षं काढून हा मुलगा ‘डॉ.’ झाला होता आणि आता माझी तहान मोजत होता.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री, नोकरी बँकेत, कॅश काउंटरवर. म्हणजे रेणू आणि रुपये, दोन्ही मोजूनच घेणारी बाई. आणि पदरात पडले ते हे गृहस्थ, ज्यांच्या शास्त्रात औषध जितकं कमी तितकं जालीम. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. मूळ अर्काचा एक थेंब, त्यात अल्कोहोलचे ९९ थेंब, झटके देऊन हलवायचं. त्यातला एक थेंब पुन्हा ९९ थेंबांत. असं तीस वेळा केलं की झाली ‘थर्टी पोटन्सी’. म्हणजे भागिले एकावर ६० शून्यं. आता एका मोलमध्ये रेणू असतात ते ६ वर २३ शून्यं, हा अ‍ॅव्होगाड्रोचा आकडा मला पाठ. बाराव्या पायरीपर्यंत पोचता पोचताच शेवटचा रेणू निरोप घेऊन गेलेला असतो. “मग पुढच्या अठरा पायऱ्या तुम्ही नक्की कोणाला पातळ करता?” मी विचारलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “खात्यात शिल्लक नसली तरी खातं असतंच ना?”

बँकेतल्या बाईला बँकेतलंच उत्तर. मी गप्प बसले, पण पटलं नाही ते नाहीच.

त्यातून त्या झटक्यांचं प्रकरण. होमिओपॅथीचे जनक हानेमान साहेब औषधाची बाटली चामड्याच्या बांधणीच्या पुस्तकावर आपटत. आमच्या घरात चामड्याचं पुस्तक कुठलं? डॉक्टरांनी माझं फिजिकल केमिस्ट्रीचं पाठ्यपुस्तक पळवलं. जाड होतं, बांधणी मजबूत होती. गेली अठ्ठावीस वर्षं रोज त्या पुस्तकावर बाटल्या आपटल्या जातायत आणि आत अ‍ॅव्होगाड्रो निमूटपणे मार खातोय.

मिरजेत दवाखाना काढणं म्हणजे पंढरपुरात बुक्का विकायला बसण्यासारखं आहे. डॉ. वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी इथं १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं केलं आणि गावाला जे वळण लागलं ते लागलंच. आज मिरजेत दगड भिरकावला तर डॉक्टरला लागतो, नेम चुकला तर सतारीला. कर्नाटकातून पेशंट रेल्वेनं येतात, स्टेशनबाहेर रिक्षावाला ‘हाडाचे की मुतखड्याचे?’ एवढंच विचारतो आणि बरोबर पोचवतो. या भाऊगर्दीत एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी, दहा बाय बाराच्या गाळ्यात डॉक्टरांनी पाटी लावली. पहिल्या महिन्यात तीन पेशंट आले. त्यातले दोघं झेरॉक्सला आले होते.

मग घर चालवायला डॉक्टरांनी तेच केलं, जे त्यांच्या बॅचच्या बहुतेकांनी केलं. एका खासगी हॉस्पिटलात रात्रपाळीचे आरएमओ झाले. गावोगावच्या नर्सिंग होममध्ये रात्री दोन वाजता तुम्ही ज्यांना ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारता, ते पुष्कळदा हे ‘त्याच्यासारखंच’ असतात. रात्रभर सलाईन, इंजेक्शनं, मोठ्या डॉक्टरांचे फोनवरचे हुकूम; सकाळी आंघोळ करून साबुदाण्याएवढ्या गोळ्या. पहाटे घरी आले की त्यांच्या अंगाला स्पिरिटचा वास यायचा, आणि ते अपराधी चेहऱ्यानं हानेमानच्या फोटोकडं न बघता आत जायचे. सात वर्षं ही दुहेरी भक्ती चालली. पुढं सरकारनं होमिओपॅथांसाठी अ‍ॅलोपॅथीच्या औषधांचा एक वर्षाचा कोर्स काढला, डॉक्टरांचे मित्र पटापट तो करून मोकळे झाले, त्यावरून मोठ्या डॉक्टरांचे संपही झाले. आमचे मात्र ‘एकदा सोडलं ते सोडलं’ म्हणून बसून राहिले. त्यांच्या या बाणेदारपणाचा हप्ता माझ्या पगारातून जात होता, हे नमूद करून ठेवते.

तो फोटो. दवाखान्यात टेबलामागं सॅम्युएल हानेमान, जन्म १० एप्रिल १७५५, जर्मनीतलं माइसेन गाव. मोठं टक्कल, कडेला पांढरे कुरळे केस, चेहऱ्यावर कुठल्याही क्षणी कूस विचारतील असा भाव. दर १० एप्रिलला हार. खेड्यावरची माणसं आत आली की आधी फोटोला हात जोडतात. एका म्हातारीनं मला विचारलं होतं, “कुठलं म्हाराज ह्ये?” मी म्हणाले, “जर्मनीचे.” तिनं पुन्हा एकदा नमस्कार केला, जरा वाकून.

महाराजांची गोष्ट डॉक्टर रंगवून सांगतात. १७९० मध्ये एका पुस्तकाचं भाषांतर करताना त्यांना त्यातलं हिवतापावरच्या सिंकोनाबद्दलचं विवेचन पटलं नाही, म्हणून तडक स्वतःच सिंकोनाची साल खाल्ली. तर हिवतापासारखीच लक्षणं! त्यावरून ‘काट्यानं काटा’ हा सिद्धांत निघाला. भाषांतर करता करता मूळ लेखकावर उखडणारे लोक मी पाहिलेत, पण त्यातून नवी वैद्यकी काढणारा हा एकच. मी मात्र ही गोष्ट ऐकताना दुसऱ्याच व्यक्तीचा विचार करत असते. हेन्रिएट. हानेमानची पहिली बायको. औषधविक्याच्या घरात वाढलेली ही मुलगी १७८२ मध्ये यांच्या गळ्यात पडली. नवऱ्याला चालू वैद्यकीचा वीट आला, त्यानं व्यवसाय गुंडाळला, भाषांतरांवर गुजराण सुरू केली, वर या गावातून त्या गावात सारखं बिऱ्हाड, आणि अकरा मुलं. त्यात घरात साली उकळून स्वतःवर प्रयोग. पुढं सगळ्या औषधविक्यांशी भांडण काढलं ते वेगळंच. माहेरी तोंड दाखवायची सोय राहिली असेल का? ती गेल्यावर, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी महाराजांनी पॅरिसच्या एका तरुण चित्रकार बाईंशी लग्न केलं आणि तिकडं जाऊन बक्कळ प्रॅक्टिस केली. त्या दुसऱ्या बाई, मेलनी, स्वतःही होमिओपॅथी करू लागल्या. परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल पॅरिसमध्ये १८४७ मध्ये त्यांच्यावर खटलासुद्धा झाला. त्यांच्याबद्दल पुस्तकांतून भरभरून लिहितात. हेन्रिएटचा फोटो मी कुठल्याच दवाखान्यात पाहिला नाही. १० एप्रिलला हार आणते मीच. मनातल्या मनात तो तिला घालते.

आता पेशंट. आमच्याकडं कुणी पहिल्यांदा येत नाही, सगळे शेवटी येतात. मिरजेतले सगळे स्पेशालिस्ट पालथे घालून, पिशवीत दोन किलोची फाइल घेऊन येतात आणि टेबलावर ती आदळून म्हणतात, “सगळं करून झालं, आता तुम्ही बघा.” मुतखडा, मूळव्याध, जुनं पित्त, अंगावरच्या गांधी, चामखीळ, अंथरूण ओलं करणारी पोरं. डॉक्टर फाइल बाजूला सारतात (कांद्यासारखीच) आणि दीड तास विचारत बसतात. घाम कपाळाला येतो की मानेला? त्याचा डाग पिवळा पडतो का? स्वप्नं कसली पडतात? “झोपच कुठं लागतिया डाक्टर,” बाई म्हणते. कोणत्या कुशीवर झोपता? दुसरा कुणी म्हणतो, “भिंतीकडं त्वांड करून. हिकडं बायको आस्ती.” आणि एकदा, जत भागातल्या एका आजोबांना तहान किती लागते विचारल्यावर ते दचकले, दाराकडं बघत आवाज खाली आणून म्हणाले, “कसली वो? दिवसाची का सांजची?” डॉक्टरांनी दोन्ही लिहून घेतल्या.

मग ‘रेपर्टरी’ नावाचा जाडजूड ग्रंथ निघतो. माणसाला होऊ शकणाऱ्या आणि होऊ न शकणाऱ्या सगळ्या गोष्टी त्यात ओळीनं लावलेल्या आहेत. आपण काचेचे बनलो आहोत असं वाटतं? आहे. पोटात काहीतरी जिवंत हलतंय असं वाटतं? आहे. दुपारी चार ते रात्री आठ वाढणारा त्रास? लायकोपोडियम. (आमच्या बँकेत सगळ्यांचाच त्रास चार वाजता, कॅश जुळवताना वाढतो. अख्खी शाखा लायकोपोडियम.) हे सगळं झाल्यावर पेशंटच्या हातात पडते बोटाच्या पेराएवढी बाटली. “एवढ्याशा गोळ्यांचं दोनशे?” असं तो म्हणतो. दीड तास ऐकल्याचे पैसे द्यायची आपल्याकडं पद्धत नाही. टोचल्याचे देतात. “एक सुई तरी मारा की,” अशी विनवणी करणारेही असतात.

औषध लागू पडलं की नाही हे ठरवायची रीत तर मला फारच आवडते. बरं वाटलं, तर औषधाचा गुण. त्रास वाढला, तर ‘अ‍ॅग्रव्हेशन’, म्हणजे औषधानं रोग मुळापासून ढवळला, उत्तम लक्षण. आणि काहीच झालं नाही, तर आत काम चालू आहे, थांबा. संध्याकाळी माझी कॅश जुळली तर बरोबर, जास्त भरली तर छान आणि कमी भरली तर तिजोरी मुळापासून ढवळली जातेय, असं मला एकदा तरी मॅनेजरना सांगून बघायचं आहे.

एक मात्र सांगते. छातीत कळ येतेय म्हणणाऱ्याला त्यांनी कधी तहान विचारली नाही. उठून, रिक्षा थांबवून, स्वतः शेजारी बसून मोठ्या हॉस्पिटलात पोचवलं. इन्शुलिन बंद करू का असं विचारणाऱ्यावर तर ते ओरडतात. एरवी न ओरडणारा माणूस आहे.

कपाटात सगळ्यात मोठी बाटली असते ती ‘सॅक लॅक’ची. सॅकरम लॅक्टिस, म्हणजे दुधातली साखर. नुसती. कोरी पुडी. खरं औषध एकदा देऊन झालं की त्याला काम करू द्यायचं असतं, पण पेशंटला रोज काहीतरी खाल्ल्याशिवाय चैन पडत नाही, मग ही द्यायची. खुद्द हानेमानही देत. मी विचारलं, “मग तुमच्या इतर बाटल्यांत आणि हिच्यात फरक काय?” डॉक्टर दोन दिवस बोलले नाहीत.

घरातली माणसं म्हणजे तर हातचे पेशंट. आत्याबाई सतत बोलतात, गळ्याशी घट्ट ब्लाउज सहन होत नाही, म्हणून ‘लॅकेसिस’. ते एका जहाल सापाचं विष आहे हे आत्याबाईंना अजून ठाऊक नाही. नणंद जराशात रडते, जवळ घेतलं की शांत होते: ‘पल्सॅटिला’. आणि मी? मी निघाले ‘नॅट्रम मूर’. मोठ्या कौतुकानं सांगितलं त्यांनी. मी पुस्तक काढून बघितलं. नॅट्रम मूर म्हणजे मीठ. साधं, खायचं. उन्हासोबत चढणारी डोकेदुखी, मनात कुढत राहणं, आणि त्याखाली लिहिलेलं, सांत्वनानं त्रास वाढतो. झालं! तेव्हापासून नणंद रडली की डॉक्टर तिच्या पाठीवरून हात फिरवायचे, आणि मी स्वयंपाकघरात मुसमुसत असले की दार हलकेच ओढून घेऊन बाहेर जायचे. माझ्या भल्यासाठी.

सासूबाई मात्र कुठल्याच औषधात बसल्या नाहीत. त्यांचं आणि हानेमानचं भांडण कापरावरून. कापराच्या वासानं औषधं निकामी होतात, असा होमिओपॅथीचा दंडक. आणि घरात रोज दोन वेळा कापूरआरती. गणपतीत तर खालच्या मंडळाचा कापूर जिन्यातून वर यायचा. औषधाचं कपाट आधी आतल्या खोलीत गेलं, मग गॅलरीत, शेवटी तर दहा दिवस शेजाऱ्यांच्या माळ्यावर मुक्कामाला. एका भाद्रपदात डॉक्टरांनी हिय्या करून आईला सांगितलं, “आरती तुपाच्या निरांजनानं कर ना.” सासूबाईंनी घंटा खाली ठेवली. “जे औषध कापराच्या वासाला पळून जातं,” त्या म्हणाल्या, “ते रोगाला काय पळवणार?” एवढ्या वर्षांत माझ्या अ‍ॅव्होगाड्रोला जमलं नाही ते त्या एका वाक्यात करून गेल्या. कपाट मात्र माळ्यावरच राहिलं.

डॉक्टरांची खरी भरभराट झाली ती २०२० मध्ये. आयुष मंत्रालयानं ‘आर्सेनिकम आल्बम थर्टी’ सुचवलं, उपाशीपोटी, तीन दिवस. आर्सेनिक म्हणजे सोमल. अर्थात तीस पायऱ्या उतरल्यावर राहिलेला. सोसायट्या, मंडळं, तालमी, सगळ्यांना गोळ्या हव्या होत्या. आमच्या जेवणाच्या टेबलावर मी, सासूबाई आणि मुलगी रात्री बारापर्यंत बाटल्या भरत होतो. एका इच्छुक उमेदवारानं तर बाटलीवर चिकटवायला स्वतःच्या फोटोचे स्टिकर पाठवले. फोटो बाटलीपेक्षा मोठा, त्यामुळं कान मागच्या बाजूला एकमेकांना भेटत होते. ज्या डॉक्टरांना आयुष्यभर ‘त्याच्यासारखंच’ म्हणून ऐकावं लागलं, त्यांच्या दारात मोठमोठ्या हॉस्पिटलांतले कंपाउंडर उभे होते. डॉक्टरांना मी पहिल्यांदाच शिट्टी वाजवताना ऐकलं.

मुलगी तेव्हा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा नंबर लागला तेव्हा डॉक्टरांनी गल्लीभर पेढे वाटले होते आणि रात्री हळूच मला विचारलं होतं, “किती मार्क जास्त पडले तिला?” बाटल्या भरता भरता तिनं ऑस्ट्रेलियातल्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा २०१५ चा अहवाल बापाला वाचून दाखवला: होमिओपॅथी परिणामकारक ठरते असा विश्वासार्ह पुरावा एकाही आजाराबाबत नाही. डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्यांनी पेशंटना तहान विचारली होती का?”

माझ्या डोकेदुखीचं औषध लग्नापासून चालू आहे. रोज रात्री एक पुडी. पहिली पुडी मी मान ठेवून घेतली. नंतर केमिस्ट्री आडवी आली. पुडी घ्यायची, गॅलरीत जायचं, तुळशीत टाकायची आणि आत येऊन जीभ चघळल्यासारखी करायची. वर, औषध चालू असताना कॉफी बंद असते. ती मी बँकेत पिते. डोकेदुखी पूर्वी आठवड्याला यायची, आता क्वचित येते, आणि हा आपला गुण म्हणून डॉक्टर चारचौघांत सांगतात. मी मान डोलावते. नवऱ्याच्या धंद्याला बायकोनं एवढी तरी जाहिरात द्यायला नको?

या दिवाळीत साफसफाईला शेजाऱ्यांच्या माळ्यावरचं ते कपाट उघडलं. जुने केसपेपर गठ्ठ्यानं. पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहावेत असा त्यांच्यात नियम आहे, म्हणून डॉक्टर मराठीतच लिहितात. एका गठ्ठ्यात माझं माहेरचं नाव दिसलं. वर तारीख, पोहे खाल्ल्याच्या दिवसाची.

‘तहान: “लागते की.” (चिडून)’

‘खारट: आवडत असावं.’

‘कूस: सांगितली नाही. वडील समोर.’ त्याखाली वेगळ्या शाईत, सहा महिन्यांनंतरच्या तारखेला, ‘कूस: डावी.’

मी माळ्यावरच फतकल मारून बसले. औषधाच्या रकान्यात ‘नॅट्रम मूर २००’ होतं, एकदाच. पुढच्याच महिन्यात त्यावर काट मारलेली आणि शेजारी लिहिलेलं, ‘गोळ्या तुळशीत टाकते. औषध वाया. यापुढे सॅक लॅक.’ खाली नुसत्या तारखा आणि प्रत्येकीपुढं सॅक लॅक, सॅक लॅक, सॅक लॅक. पानं भरून. मध्येच ‘कॉफी बंद आहे म्हणते. बँकेत दोन कप.’ मध्येच ‘आज रडली. नियमाप्रमाणे जवळ गेलो नाही. चूक झाली का?’ २०११ मध्ये ‘डोके: महिन्यातून एकदाच. सॅक लॅक चालू ठेवावे.’ आणि शेवटची नोंद गेल्या महिन्यातली, ‘डोके: उतार. तुळस: उत्तम.’

गठ्ठा होता तसा बांधून ठेवला. रात्री जेवणं झाल्यावर डॉक्टरांनी नेहमीसारखी पुडी पुढं केली.

“कसं आहे डोकं?”

“उतार आहे,” मी म्हणाले आणि गॅलरीत गेले. मुंग्या वाटच बघत होत्या.